वेदनाशमन व गुंगी यांच्या इतिहासाचीं साधनें

(१) विषयाची मर्यादा

मुंबईहून आग्र्यास जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर नाशिक सोडल्यानंतर सुमारें सहा कोसांवर, बाणगंगेच्या कांठीं, ओझर हें गांव लागतें. १९६४ सालापासून तेथें विमानांचा कारखाना असल्यामुळें लोक त्यास 'ओझर मिग' या नांवानें ओळखतात. इतिहाससंशोधकास मात्र या गांवाचें महत्त्व दुसऱ्या एका कारणानें वाटावें. माळव्यांत पिकणारी अफू मुंबई बंदराकडे ज्या गाडीमार्गानें उतरत असे, त्या मार्गावरचें हें एक ठिकाण होय. मनुष्याच्या वेदना शमविणारें सर्वांत प्रभावी द्रव्य ज्या वाटेनें परदेशीं गेलें, त्या वाटेच्या कांठीं उभें राहून वेदनाशमनाच्या इतिहासाकडे पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभीं तीन शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. कारण या विषयावर लिहिणाऱ्या बहुतेकांचा घोटाळा येथेंच होतो. रोग्याची वेदना कमी करणें हें वेदनाशमन. त्याचें भान कमी करणें ही गुंगी. आणि त्याच्या स्नायूंची हालचाल बंद करणें हें स्तंभन. हीं तीन कार्यें भिन्न आहेत. गुंगींत असलेल्या मनुष्यास वेदना होऊं शकते. स्तंभित मनुष्य पूर्ण शुद्धींत असूं शकतो. आणि वेदनेपासून मुक्त असलेला मनुष्य जागाही असूं शकतो. आजच्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांत या तिन्ही गोष्टींचा हिशेब वेगवेगळा ठेवितात. हा भेद ध्यानांत आणून देण्यास वैद्यकशास्त्रास कसकसा काळ लागला, व आमच्या प्रांताचा त्यांत कोणता भाग होता, हें साधनांच्या आधारें पाहूं.

(२) प्राचीन ग्रंथांतील पुरावा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सतराव्या अध्यायांत शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास इष्ट अन्न द्यावें, व जो मद्य पिणारा असून वेदना सहन करूं शकत नाहीं त्यास तीक्ष्ण मद्य पाजावें, असें सांगितलें आहे. अन्नानें रोगी मूर्च्छित होत नाहीं, आणि मदामुळें त्यास शस्त्र कळत नाहीं, असें कारणही ग्रंथकारानें दिलें आहे. परंतु त्याच स्थानाच्या पांचव्या अध्यायांत मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग या विकारांत उपाशी रोग्यावर कर्म करावें, असा अपवाद आहे. दोन्ही वचनें जवळ ठेवून वाचिलीं म्हणजे असें दिसतें कीं, मद्याची योजना हा सरसकट नियम नसून कर्म व रोगी पाहून घ्यावयाचा निर्णय होता. निर्णयसागर छापखान्यानें वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्याकडून शोधून छापिलेली डल्हणाच्या टीकेसहित आवृत्ति ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं हीं स्थळें अवश्य ताडून पाहावीं.

या वचनांवरून त्या काळीं आजच्यासारखी भूल देत असत असा निष्कर्ष काढणें युक्त होणार नाहीं. मद्यानें वेदनेची जाणीव मंद होते, पण पोट फाडण्याइतकी बेशुद्धि येण्याच्या पूर्वींच श्वास व वांति यांचें भय सुरू होतें. तथापि शस्त्रकर्म करणाऱ्यानें रोग्याच्या वेदनेचा विचार करावा हें तत्त्व तेथें स्पष्ट नमूद आहे, आणि तेवढें श्रेय त्या ग्रंथास निःसंशय दिलें पाहिजे.

दुसरा पुरावा म्हणून भोजप्रबंधांतील कथा वारंवार पुढें केली जाते. राजा भोज मस्तकशूळानें व्याकुळ झाला असतां दोघां वैद्यांनीं त्यास मोहचूर्णानें बेशुद्ध केलें, कवटी उघडून आंतील मासे काढिले, ती सांधिली व राजास पुन्हां शुद्धीवर आणिलें, अशी ती कथा आहे. इ. स. च्या अकराव्या शतकांत आमच्या देशांत भूल देण्याची विद्या पूर्णत्वास गेली होती, असें या कथेच्या बळावर पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. या विधानास तीन आक्षेप आहेत. पहिला, बल्लाळाचा हा ग्रंथ भोजाच्या काळचा नसून सामान्यतः सोळाव्या शतकाच्या अखेरचा मानिला जातो. दुसरा, हाच ग्रंथ कालिदास, भवभूति व माघ यांस एकाच भोजाच्या सभेंत बसवितो. तेव्हां कालनिर्णयाच्या कामीं त्याची साक्ष कितपत घ्यावी, हें वाचकांस सांगणें नको. तिसरा, कथेंतील वैद्य मनुष्य नसून स्वर्गांतून वेष पालटून आलेले अश्विनीकुमार आहेत. सारांश, सोळाव्या शतकांतील लेखकास बेशुद्ध करून शस्त्रकर्म करण्याची कल्पना सुचूं शकत होती, एवढेंच या कथेवरून सिद्ध होतें. कल्पनेचा पुरावा हा कृतीचा पुरावा नव्हे.

अफूविषयीं ग्रंथांची साक्ष अधिक उपयुक्त आहे, कारण तेथें मौनही बोलतें. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत अफू नाहीं. शार्ङ्गधरसंहितेंत मात्र व्यवायी द्रव्याचें, म्हणजे पचन होण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्याचें, उदाहरण म्हणून भांग व अहिफेन हीं दोन्ही नांवें एकत्र आलीं आहेत. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत अहिफेनाचें स्वतंत्र वर्णन आहे. यावरून मधल्या काळांत हें द्रव्य वैद्यांच्या पेटींत शिरलें, असें ठरतें. शार्ङ्गधराच्या व्याख्येंत एक मार्मिक निरीक्षणही आहे. पचनाची वाट न पाहतां सर्वांगांत पसरणें हाच अफूचा गुण व हाच तिचा धोका होय.

(३) पुण्यांतील १७९३ चें शस्त्रकर्म

पेशवाईच्या उत्तरार्धांतील एक प्रसंग येथें घेतला पाहिजे. कावसजी नांवाचा एक गाडीवान इंग्रजांच्या सैन्यांत चाकरीस असतां १७९२ च्या युद्धांत टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला, व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळ एका विटा भाजणाऱ्या जातीच्या मनुष्यानें त्याच्या कपाळावरील कातडीचें नवें नाक केलें. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत प्रसिद्ध झाली, आणि पुणें दरबारीं असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढिलें. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढणारा वेल्स तो हाच.

सदरहू वर्णन बारकाईनें लिहिलें आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून त्याचा आकार घ्यावयाचा, तो कपाळावर पसरून त्याभोंवतीं रेघ मारावयाची, तेवढी कातडी सोडवून भुंवयांच्या मध्यें एक पट्टी जिवंत ठेवावयाची, ती खालीं वळवून बसवावयाची, वर काथाचा लेप लावावयाचा, रोग्यास पांच सहा दिवस उताणें निजवावयाचें, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं जोडणारी पट्टी कापावयाची, असा क्रम त्यांत आहे. युरोपांतील आधुनिक नासिकासंधानाचा आरंभ या वर्णनापासून झाला; लंडनांत कार्प्यू यानें १८१४ सालीं तें प्रथम करून पाहिलें.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें या वर्णनांत जें नाहीं तें अधिक विचारार्ह आहे. कातडी, मेण, काथ, कापड व दिवस यांची गणना आहे. रोग्यानें तो वेळ कसा काढिला याची नोंद नाहीं. शस्त्रकर्म करणाऱ्या कारागिराचें नांवही लेखकानें दिलेलें नाहीं. नोंद करणाऱ्यास जें महत्त्वाचें वाटलें तेवढेंच राहिलें. वेदनेच्या इतिहासाची खरी अडचण ही आहे: वेदना भोगणारा लिहीत नाहीं, आणि लिहिणारा वेदना भोगीत नाहीं.

(४) अफूचा रस्ता

आतां ओझरच्या रस्त्याकडे वळूं. इंदूर, उज्जैन, रतलाम या बाजूस जमलेला माल सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळें, मालेगांव, चांदवड, पिंपळगांव बसवंत व ओझर या गांवांवरून नाशिकास येई, आणि तेथून इगतपुरीवरून थळघाटानें कोंकणांत उतरून मुंबईस जाई. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध घेतला तोंपर्यंत माळव्याच्या अफूचा मोठा भाग कराचीच्या वाटेनें व पुढें दमणच्या बंदरांतून निसटत होता. सिंधची वाट बंद होतांच मुंबईचा मार्ग जवळजवळ सक्तीचा झाला, व सरकारनें परवान्याचा दर वाढविला. एका पेटीस १८३५ पासून १२५ रुपये द्यावे लागत; ते १८४३ त २००, १८४५ त ३०० व १८४७ त ४०० झाले. चारच वर्षांत दर दुपटीस गेला, यावरून या व्यापारावर सरकारची पकड किती आवळली याची कल्पना येईल. लोहमार्ग होण्यापूर्वींच्या त्या दिवसांत या रस्त्यावरील गाडीवान, नाकेदार व सराईवाले यांच्या उपजीविकेंत अफूचा कांहीं ना कांहीं अंश होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ही अफू औषधासाठीं जात नव्हती. ती चिनांत ओढण्यासाठीं जात होती. तिनें तेथें केलेल्या अनर्थाची कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्याच पैशाचा एक ओघ उलटाही वाहिला. चीनच्या व्यापारांत संपन्न झालेले सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून मुंबईचें मोठें रुग्णालय उभें राहिलें. त्यास लागून १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. आणि १८५१ सालीं बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. शिलालेखांचे वाचक व हस्तलिखितांचे संग्राहक म्हणून भाऊ दाजी आमच्या वाचकांस पूज्य आहेत. ते भूल देण्याच्या नव्या विद्येच्या पहिल्या पिढींतील वैद्य होते, ही गोष्ट मात्र क्वचित् लक्षांत घेतली जाते. त्यांच्या शिक्षणाच्या काळांतच ती विद्या हिंदुस्थानांत आली. बोस्टन येथें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं ईथरचा जाहीर प्रयोग झाला. कलकत्त्यास मार्च १८४७ त ईथर व जानेवारी १८४८ त क्लोरोफॉर्म वापरण्यांत आलें. त्या मानानें पत्रें व जहाजें यांच्या वेगानेंच ही विद्या येथें पोंचली, असें म्हटलें पाहिजे.

अफूंतील मुख्य सत्त्व वेगळें काढण्याचें काम जर्मनींत सेर्ट्युर्नर यानें १८०५ च्या सुमारास केलें, व त्यास मॉर्फीन हें नांव मिळालें. १८५३ सालीं एडिंबरोस अलेक्झांडर वुड यानें पोकळ सुईनें औषध कातडीखालीं घालण्याची रीति योजिली. या दोन शोधांनीं अफूची अनिश्चित मात्रा निश्चित झाली. वैद्य गोळी देऊन वाट पाहत असे. आतां तो वजन करून देऊं लागला.

(५) हैदराबादचीं क्लोरोफॉर्म कमिशनें

नाशिक जिल्ह्यास लागून असलेला मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. त्याच राज्याच्या राजधानींत भुलेच्या इतिहासांतील एक मोठा वाद लढला गेला. क्लोरोफॉर्मनें रोगी अकस्मात् दगावत. पहिला प्रसिद्ध मृत्यु इंग्लंडांत २८ जानेवारी १८४८ रोजीं झाला. तो हृदय थांबल्यानें होतो कीं श्वास थांबल्यानें, हा प्रश्न होता. हैदराबादेस निजामाच्या वैद्यकीय शाळेचे मुख्य एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. नाडी पाहत बसूं नका, श्वासाकडे लक्ष द्या, असा त्यांचा आग्रह होता. मीर महबूब अली खान यांच्या आश्रयानें १८८८ सालीं पहिलें कमिशन बसलें. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' पत्रास पटले नाहींत; तेव्हां निजामानें पैसा देऊन त्या पत्राचा प्रतिनिधि म्हणून डॉ. लॉडर ब्रंटन यांस विलायतेहून आणविलें, व १८८९ सालीं दुसरें कमिशन झालें. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग करून, क्लोरोफॉर्मनें श्वास नेहमीं हृदयाच्या आधीं बंद पडतो, असा निर्णय देण्यांत आला. रूपाबाई फर्दूनजी या पारशी विदुषी हैदराबादच्या त्याच शाळेंत शिकल्या व पुढें भूल देण्याच्या कामांत प्रसिद्धीस आल्या. हें काम करणाऱ्या जगांतील अगदीं आरंभींच्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

या निर्णयाचें मूल्यमापन आज करतां येतें. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यानें असें दाखविलें कीं, हलक्या क्लोरोफॉर्मच्या अंमलांत हृदयाचें स्पंदन विस्कळित होऊन एकाएकीं मृत्यु येऊं शकतो. म्हणजे 'नेहमीं' हा हैदराबादचा शब्द चुकीचा ठरला. परंतु गुंगी देणाऱ्यानें रोग्याचा श्वास क्षणभरही नजरेआड होऊं देऊं नये, हा लॉरी यांचा दंडक टिकला. एका संस्थानिकाच्या खर्चानें, दक्षिणेंत, औषधाच्या सुरक्षिततेचा प्रश्न प्रयोगानें सोडविण्याचा असा प्रयत्न झाला, ही गोष्ट निष्कर्ष अपुरा असला तरी महत्त्वाची आहे.

(६) धनुर्वात, कोपनहेगन व मुंबई

येथवरची भूल घटकाभराची होती. शस्त्रकर्म संपलें कीं रोगी शुद्धीवर येई. दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे गुंगींत ठेवण्याचा प्रश्न श्वसनयंत्रानें निर्माण केला. १९५२ सालीं कोपनहेगन येथें बालपक्षाघाताची मोठी सांथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयांत श्वासाचे स्नायु लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकीं २७ दगावले. ऑगस्टांत ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेंत नळी घालून हातानें हवा भरण्याचें ठरविलें. मुलगी तडफडत असल्यामुळें हवा आंत जाईना. तेव्हां त्यानें गुंगीचें औषध दिलें, तिचा स्वतःचा प्रयास थांबला, व हवा भरतां येऊं लागली. पुढें सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें हातांनीं फुगे दाबून रोग्यांस जगविलें. अतिदक्षता विभागाचा उगम येथें मानितात, व कृत्रिम श्वास आणि गुंगी यांची जोडीही येथेंच प्रथम स्पष्ट दिसते.

मुंबई प्रांतांत हाच प्रश्न धनुर्वाताच्या रूपानें उभा होता. हा रोग सुश्रुतास धनुःस्तंभ या नांवानें ठाऊक होता. शरीर धनुष्यासारखें वांकतें हें लक्षण त्यानें दिलें आहे. या रोगांत रोगी शेवटपर्यंत बहुधा शुद्धींत असतो, आणि प्रत्येक आंचका त्यास पूर्णपणें जाणवतो. दार वाजलें, दिवा लागला, अंगास हात लागला, तरी आंचका येतो. म्हणून अंधाऱ्या व शांत खोलींत त्यास ठेवीत. वेदना, भान व हालचाल हीं तीन वेगळीं आहेत हें शिकविणारा याहून कठोर गुरु दुसरा नसेल. मुंबईंत असे रोगी इतके येत कीं, पटेल व जोग यांनीं १९५९ सालीं रोगाची तीव्रता मोजण्याची पांच लक्षणांची पद्धति प्रसिद्ध केली. पटेल व मेहता यांनीं १९६३ सालीं २,००७ रोग्यांचा अभ्यास छापिला. आणि त्याच वर्षीं धनुर्वातावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईंत भरली.

केवळ गुंगी वाढवून तीव्र धनुर्वाताचा रोगी वांचत नव्हता. आंचके थांबतील इतकें औषध दिलें तर श्वास थांबे. श्वास राहील इतकेंच दिलें तर आंचके थांबत नसत. हा पेंच श्वसनयंत्र, स्तंभक औषध व गुंगी यांच्या एकत्र योजनेनें सुटला. डॉ. फारोख उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं मुंबईंतील १५० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तींत एकंदर मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० वरून १२ वर व अतितीव्र रोगांत ७० वरून २३ वर आल्याचें नमूद आहे. मात्र स्तंभक औषधानें रोग्याचें तोंड मिटतें व हातही बांधले जातात. त्याच्या भानाचा व वेदनेचा बंदोबस्त वेगळा केला नाहीं, तर बाहेरून शांत दिसणारा रोगी आंत सर्व भोगीत असतो. भारतांतील या शाखेच्या वैद्यांची संस्था १९९३ सालीं मुंबईंतच स्थापन झाली.

(७) गुंगी हलकी करण्याकडे

पुढील तीस वर्षें खोल गुंगी हीच दया, अशी समजूत होती. तिला पहिला धक्का १९८३ सालीं ग्लासगोहून बसला. एटोमिडेट हें औषध संततधारेनें दिलेल्या जखमी रोग्यांत मृत्यु अधिक होत असल्याचें लेडिंगहॅम व वॉट यांनीं दाखविलें; तें औषध मूत्रपिंडांवरील ग्रंथींचें काम बंद पाडतें, असें पुढें निष्पन्न झालें. २००० सालीं शिकागोच्या वैद्यांनीं १२८ रोग्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांची गुंगी रोज एकदां थांबवून त्यांस जागें केलें, त्यांचा श्वसनयंत्रावरील मध्यम काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला. तेव्हांपासून गुंगी हेंही मात्रा ठरवून व रोज पुन्हां विचार करून द्यावयाचें औषध आहे, हा नियम रूढ झाला. अगदीं गुंगी न देण्याचाही प्रयोग डेन्मार्कांत झाला. २०२० च्या मोठ्या अभ्यासांत हलकी गुंगी व गुंगीचा अभाव यांत मृत्युसंख्येचा निर्णायक फरक आढळला नाहीं. तात्पर्य, आधीं वेदना शमवावी, मग लागेल तेवढीच गुंगी द्यावी, हा आजचा क्रम आहे.

यासाठीं मोजमाप लागलें. रिचमंड येथील वैद्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मापांत झोंबाझोंबी करणाऱ्या रोग्यास अधिक ४, शांत व जाग्या रोग्यास शून्य, व कशानेंही न जागणाऱ्यास उणे ५ असे अंक देतात. बोलूं न शकणाऱ्याच्या वेदनेसाठीं चेहरा, हात व यंत्राशीं जमवून घेणें या तीन गोष्टी पाहून ३ ते १२ असा अंक देण्याची फ्रेंच रीति २००१ पासून आहे. परिचारिका हे अंक ठरल्या वेळीं तक्त्यावर मांडीत असते.

(८) तक्ता व स्मृति

आमच्या वाचकांस या तक्त्याचें महत्त्व सांगावयास नको. हा तक्ता म्हणजे त्या रोग्याची रोजकीर्द होय; घडलें त्याच वेळीं, घडलें तेवढेंच, त्रयस्थानें लिहिलेली. उलट बरा झालेला रोगी जें सांगतो ती बखर असते. गुंगी व तापाच्या भ्रमांत पाहिलेले कैदखाने, विषप्रयोग, बांधून ठेवणारे शत्रु त्याच्या स्मृतींत खऱ्या घटनांहून पक्के बसतात. नळी बदलणारी परिचारिका त्यास गळा दाबणारी म्हणून आठवते. बखरींतील सन चुकतो, पण तिच्यांतील भीति खोटी नसते. तसेंच येथेंही समजावें.

युरोपांतील कांहीं रुग्णालयांत यावर एक साधा उपाय निघाला. परिचारिका व आप्त रोग्यासाठीं साध्या भाषेंत रोजनिशी लिहितात: आज काय झालें, कोण भेटीस आलें, कां बांधावें लागलें. बरा झाल्यावर ती त्याच्या हातीं देतात. तींतून त्यास आपले हरवलेले दिवस जोडतां येतात. ३५२ रोग्यांवर केलेल्या व २०१० सालीं छापलेल्या अभ्यासांत, रोजनिशी मिळालेल्यांत नंतरचा मानसिक आघात शेंकडा ५ जणांस झाला, न मिळालेल्यांत १३ जणांस. समकालीन कागदानें मागाहूनची स्मृति शुद्ध करावी, हें आमच्या शास्त्राचें मूलतत्त्व. तें येथें औषधासारखें लागू पडलें आहे.

(९) माळव्याची अफू आज

अफूचें पुढें काय झालें हें सांगून विषय पुरा करूं. चीनशीं चाललेला व्यापार १९०७ च्या ठरावानंतर आटत जाऊन १९१३ त बंद पडला. पीक मात्र राहिलें. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश यांच्या ठराविक भागांत सरकारी परवान्यानें खसखशीची शेती आजही होते, आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत अफू जाते. नीमच हें माळव्यांतीलच ठिकाण. जगाच्या औषधासाठीं कायदेशीर अफू पिकविणाऱ्या देशांत भारत अग्रेसर आहे.

असें असतां १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांचे अडथळे व शिक्षेची भीति इतकी वाढली कीं, पुढील दहा-बारा वर्षांत देशांतील मॉर्फीनचा औषधी उपयोग अगदीं तळास गेला. औषधविक्रेते तें ठेवीनात, वैद्य लिहून देईनात, आणि नव्या वैद्यांची एक पिढी तें वापरण्याचा सराव न होतां तयार झाली. २०१४ सालीं कायदा दुरुस्त होऊन आवश्यक औषधांसाठीं परवान्याची रीति सर्व राज्यांत एक करण्यांत आली. तरी मोडलेली संवय कायद्याच्या कलमानें लगेच सांधत नाहीं. १८४७ सालीं ओझरावरून जाणाऱ्या पेटीवर ४०० रुपये कर होता, पण त्या रस्त्याच्या कांठच्या रोग्यास त्या पेटीचा उपयोग नव्हता. दीडशें वर्षांनंतर कर गेला, पेटी गेली, तरी कर्करोगानें तळमळणाऱ्या अनेकांची स्थिति तीच राहिली.

(१०) संग्राहकांस विनंति

या इतिहासाचीं मराठी साधनें अजून गोळा झालेलीं नाहींत. रुमाल सोडतांना आम्ही सनदा, वतनपत्रें व लढायांचीं पत्रें बाजूस काढितों. वैद्याचें टांचण, मात्रांची याद, किंवा औषधाची उधारी आढळली तर तिला चिटोरें म्हणून टाकून देतों. असें पुष्कळ टाकिलें गेलें असावें. निफाड, चांदवड व मालेगांव तालुक्यांतील कुलकर्ण्यांचीं दफ्तरें, होळकरांच्या कमाविसदारांचे हिशेब, व सराफांच्या वह्या ज्यांच्याकडे असतील त्यांनीं पुढील गोष्टी शोधाव्या: अफूच्या पेट्यांची दस्तकें व त्यावरील शिक्के, वैद्यांच्या बाडांत अहिफेन, भांग, धोत्रा किंवा खुरासानी ओंवा यांची मात्रा व ती कोणत्या दुखण्यास दिली याची नोंद, जखमी शिपायांच्या औषधपाण्याचा खर्च, आणि घरगुती पत्रांतून दुखणाईताच्या वेदनेविषयीं आलेलीं वाक्यें. कागद उतरून घेतांना मात्रा, वजन व मिति जशीच्या तशी द्यावी. अर्थ लावून बदलूं नये.

त्याचप्रमाणें रुग्णालयांच्या जुन्या तक्त्यांकडेही आतांच लक्ष दिलें पाहिजे. मुदत संपली कीं ते रद्दींत जातात, व नवे तक्ते संगणकांत राहतात. रोग्यांचीं नांवें झांकून, अधिकाऱ्यांच्या संमतीनें, प्रत्येक दशकाचे थोडे तरी नमुने एखाद्या संग्रहांत ठेवितां आले, तर या प्रांतांत बेशुद्ध मनुष्याच्या वेदनेची नोंद प्रथम केव्हां व कोणत्या शब्दांत होऊं लागली, हें पुढील संशोधकास सांगतां येईल. १७९३ च्या पुण्याच्या वर्णनांत ती नाहीं. आजच्या तक्त्यांत ती तासातासास आहे. या दोहोंमधील कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते उजेडांत आणावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.